उजव्या हाताचे गुपित

राखेच्या बुधवारची मिस्सा आटोपून सॅक्रिस्टीत आलो, की दरवर्षी एक विचार माझ्या मनात डोकावतो. त्या दिवशीच्या उपासनेत मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील उतारा वाचला जातो. दानाचा गाजावाजा करू नये, प्रार्थना दाराआड करावी आणि उपवासाची खूण चेहऱ्यावर दिसू देऊ नये, असे प्रभू येशू त्यात बजावतो. हे वाचन संपते न संपते तोच आम्ही धर्मगुरू राखेचे तबक हाती घेतो आणि भाविकांच्या कपाळावर साऱ्या जगाला दिसेल अशी खूण करतो!

काही वर्षांपूर्वी कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने मला मिस्सेनंतर गाठून विचारले, "फादर, आता हे कपाळ पुसू की तसेच राहू देऊ?" मी म्हणालो, "आज राहू दे. ही राख पापी असल्याची खूण आहे, पुण्यवान असल्याची नव्हे. उद्यापासून जे पुण्य करशील ते मात्र पुसत जा." उत्तर चटकन सुचले म्हणून मी स्वतःवर खूश झालो आणि ते दोघा-तिघा सहकारी धर्मगुरूंना सांगितलेही. घरी परतल्यावर लक्षात आले, की जे पुसायला मी त्या मुलीला सांगितले होते, तेच मी स्वतः मिरवत होतो. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. आपण केलेले सत्कृत्य लपवावे, असे प्रभू आपल्याला का सांगतो? केवळ नम्रतेचा पाठ म्हणून, की त्यामागे काही अधिक आहे?

या उताऱ्यात दानाचा डांगोरा पिटणाऱ्यांविषयी प्रभू म्हणतो, की त्यांना त्यांचे प्रतिफळ मिळून चुकले आहे. मूळ ग्रीक शुभवर्तमानात येथे जे क्रियापद आले आहे ते देवघरातले नाही, बाजारातले आहे. इजिप्तच्या वाळूत पपायरसवर लिहिलेल्या त्या काळच्या अनेक पावत्या सापडल्या आहेत आणि त्यांवर हाच शब्द 'रक्कम पूर्ण मिळाली' अशा अर्थाने लिहिलेला आढळतो. म्हणजे प्रभू अशा दात्यावर रागावत नाही, त्याला शापही देत नाही. तो फक्त हिशेब मिटल्याचे सांगतो. तुला वाहवा हवी होती, ती मिळाली. ही घे पावती, आता येणे बाकी काही नाही. याहून कठोर शिक्षा कोणती असेल?

आपल्या धर्मग्रामांतील दानाचे स्वरूप जरा आठवून पाहा. ख्रिस्तमंदिराच्या बाकांवर, वेदीच्या पायरीवर, घंटेवर, पाण्याच्या टाकीवर नावे असतात. छताच्या पंख्याच्या पात्यांवरही दात्याचे नाव रंगवलेले मी पाहिले आहे. मृत आईवडिलांच्या स्मरणार्थ काही द्यावे आणि त्यांचे नाव टिकावे, या भावनेची मी थट्टा करणार नाही. त्यामागे पुष्कळदा निखळ माया असते. परंतु त्या पंख्याने मला एक गोष्ट शिकवली. पंखा बंद असला की नाव स्पष्ट वाचता येते. तो फिरू लागला, घामाघूम झालेल्या भाविकांना वारा देऊ लागला, की नाव दिसेनासे होते. सेवा सुरू झाली की नाव आपोआप पुसले जाते, हे त्या पात्यांना कळते. आपल्याला कळायला आयुष्य पुरत नाही.

आता थोडे माझ्या घरचे सांगतो. मी गोरेगावच्या सेमिनरीत शिकत असताना माझे वडील आजारी पडले. शस्त्रक्रिया तातडीने करावी लागली. केळीच्या वाडीवर चालणारे आमचे घर. इस्पितळाच्या बिलाचा आकडा ऐकून आईचे हातपाय गळाले. दागिने मोडायचे ठरले. ज्या दिवशी वडिलांना घरी न्यायचे त्या दिवशी मी खिडकीपाशी गेलो, तर कारकुनाने सांगितले, की बिल कालच भरले गेले आहे. कोणी भरले, असे मी तीनतीनदा विचारले. त्याने पावती माझ्या हाती ठेवली. तिच्यावर वडिलांचे नाव होते, रक्कम होती. देणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती.

आम्ही पुष्कळ शोध घेतला. मुंबईचे नातेवाईक, गावातील दोन-तीन सधन घरे, धर्मग्रामाचे फादर, सर्वांना विचारून पाहिले. कोणीच कबूल होईना. शेवटी आईने शोध सोडला आणि निराळाच मार्ग धरला. रविवारी मिस्सेहून परतताना ती भेटेल त्याची आवर्जून विचारपूस करू लागली. मी एकदा हसून म्हणालो, "आई, सगळ्यांशीच इतके गोड बोलायला लागलीस?" ती म्हणाली, "काय करू बाबा? कोणी दिले ते ठाऊक नाही. आता कोणाशी भांडायची सोयच राहिली नाही."

शेजारच्या घराशी आमचा बांधावरून जुना वाद होता. दोन्ही घरांत अबोला होता. त्या वर्षी वाडीतला पहिला घड उतरला, तेव्हा आईने त्यातील दोन फण्या टोपलीत घालून शेजारच्या काकांकडे स्वतः नेऊन दिल्या. ते दारातच अवघडून उभे राहिले. टोपली कशासाठी, हे त्यांनी ओळखले असावे. ते म्हणाले, "वहिनी, तो मी नव्हतो. पण मी असायला हवा होतो." बांध आजही पूर्वी होता तेथेच आहे, वाद मात्र त्या दिवशी संपला.

दात्याचे नाव आम्हाला आजतागायत कळलेले नाही. आईवडील ते न कळताच देवाघरी गेले. पण गुप्तदानाविषयी मी सेमिनरीत जे शिकलो त्याहून अधिक त्या कोऱ्या जागेने मला शिकवले. नाव कळले असते तर आम्ही त्या एका माणसाचे ऋणी झालो असतो. सणासुदीला त्याच्या घरी गेलो असतो, त्याच्यासमोर थोडे वाकून वागलो असतो आणि कधीतरी परतफेड करून मोकळे झालो असतो. नाव न कळल्यामुळे आम्ही साऱ्या गावाचे ऋणी झालो. समोरून येणारा कोणीही 'तो' असू शकत होता. एका माणसाने आपले नाव काढून घेतले आणि साऱ्या गावाच्या चेहऱ्यावर चांगुलपणाची शक्यता ठेवली. मला वाटते, सत्कृत्य लपवायला प्रभू सांगतो त्यामागे हेही आहे. निनावी सेवेमुळे देणाऱ्याची नम्रता राखली जाते हे खरे. पण घेणाऱ्याचे स्वातंत्र्य राखले जाते, हे त्याहून मोठे.

प्रभूने स्वतः असे केल्याची एक घटना योहानलिखित शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात आहे. यरुशलेममधील तळ्याकाठी ३८ वर्षे आजारी असलेला एक मनुष्य पडून होता. येशूने त्याला बरे केले आणि तो गर्दीतून निघून गेला. पुढे अधिकाऱ्यांनी त्या माणसाला विचारले, की तुला कोणी बरे केले? त्याला सांगता येईना. ज्याने आपल्याला पायांवर उभे केले त्याचे नावही त्याला ठाऊक नव्हते! आम्ही प्रवचनांत त्या चमत्काराविषयी पुष्कळ बोलतो, पण त्या निघून जाण्याविषयी क्वचितच बोलतो. आभार घेण्यासाठी प्रभू तेथे थांबला नाही. नंतर मंदिरात तो त्या माणसाला पुन्हा भेटला, तोही आभार घ्यायला नव्हे. पुन्हा पापात पडू नकोस, हे सांगायला.

शुभवर्तमानात अशी निनावी माणसे किती आहेत, हे एकदा मोजून पाहावे. पक्षाघाती रुग्णाला छपरातून खाली सोडणारे चौघे, पाच भाकरी आणि दोन मासे देणारा मुलगा, दोन नाणी टाकणारी विधवा, शेवटच्या भोजनासाठी माडीवरची खोली देणारा घरमालक, यांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. मार्कलिखित शुभवर्तमानात बेथानीतील एक स्त्री प्रभूच्या मस्तकावर मोलाचे सुगंधी तेल ओतते. जगात जेथे जेथे शुभवार्ता सांगितली जाईल तेथे तेथे हिची आठवण काढली जाईल, असे आश्वासन प्रभू देतो. आणि मार्क तिचे नावच लिहीत नाही. आठवण राहिली, नाव राहिले नाही. देवाच्या दरबारी या दोन गोष्टी एक नाहीत, हे यातून उमगते.

येथे मला माझ्या हातून घडलेली एक चूक सांगितली पाहिजे. गुरुदीक्षेनंतरच्या दुसऱ्या वर्षी मी एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. जूनमध्ये शाळा सुरू होताना गरीब मुलांना वह्या, दप्तरे आणि गणवेश द्यायचे आम्ही ठरवले. देणगीदारांना समाधान वाटावे म्हणून मी रविवारच्या मिस्सेनंतर छोटा समारंभ योजला. मुलांची नावे ध्वनिक्षेपकावरून पुकारली. एकेक मूल व्यासपीठावर आले, देणगीदाराच्या हातून दप्तर घेतले, फोटो निघाला. टाळ्याही पडल्या. मला स्वतःच्या संयोजनाचे कौतुक वाटले.

त्या मुलांपैकी एक सातवीतला मुलगा पुढे धर्मशिक्षणाच्या वर्गाला येईनासा झाला. मी एक-दोनदा चौकशी केली आणि नंतर बदली झाल्यावर विसरून गेलो. वीस वर्षांनी एका लग्नात तो मला भेटला. चांगल्या नोकरीला लागला होता. तो आदराने बोलला, मग म्हणाला, "फादर, राग मानू नका. ते दप्तर मी वर्षभर वापरले. पण त्या दिवशी माझा वर्ग समोर बसला होता. दुसऱ्या दिवसापासून मला शाळेत दप्तराच्या नावानेच हाक मारीत." मी त्याची क्षमा मागितली. त्याने ती दिली. पण त्याच्या बालपणाचे ते एक वर्ष मी त्याला परत देऊ शकत नव्हतो. दात्याचे नाव उघड करण्यात धोका आहे, एवढेच मी तोवर जाणत होतो. घेणाऱ्याचे नाव उघड करण्यात पाप आहे, हे मला त्या मुलाने शिकवले.

आज हे सांगण्याची गरज अधिकच आहे. २०२० च्या टाळेबंदीत आपल्या समाजाने पुष्कळांच्या घरी शिधा पोहोचवला. त्या दिवसांत अनेक तरुण जिवाची पर्वा न करता धावले. पण तांदळाच्या पिशवीबरोबर मोबाईलचा कॅमेराही पुढे होताना दिसला. घेणाऱ्याने मान खाली घातली आहे, देणारे पाचजण हसत आहेत, असे फोटो आपण सर्वांनी पाहिले. त्या फोटोंतील खाली झुकलेल्या चेहऱ्याला कोणी विचारले होते का, 'तुमचा फोटो काढू?' भुकेल्याला नाही म्हणण्याचे बळ नसते, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

मग प्रश्न उरतो तो असा. याच मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो, की दिवा झाकून ठेवू नका. लोकांना तुमची सत्कर्मे दिसू द्या. एका पानावर दाखवा म्हणतो, दुसऱ्या पानावर लपवा म्हणतो. यात विसंगती नाही काय? नीट वाचले तर दिसते, की दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे: शेवटी गौरव कोणाचा होतो? दिवा लावतो तो खोली दिसावी म्हणून. पाहुणा घरात आला आणि समईकडेच टक लावून बसला, तर त्या उजेडाचा उपयोग काय? आपली कृती पाहून लोकांना स्वर्गीय पित्याची आठवण झाली तर ती खुशाल दिसू द्यावी. लोकांना आपलीच आठवण राहणार असेल, तर ती झाकावी.

शिवाय काही सेवा निनावी असूच शकत नाहीत. मरणाच्या दारी टेकलेल्या म्हाताऱ्याला पाकिटातल्या नोटांची गरज नसते. त्याला हात धरून बसणारा, नावाने हाक मारता येईल असा माणूस हवा असतो. तेथे नाव लपवून पैसे पाठवणे ही नम्रता नव्हे, पळवाट आहे. तसेच, दात्याचे नाव गुप्त असावे. हिशेब कधीही गुप्त असू नये. धर्मग्रामाच्या वहीत 'एक हितचिंतक' अशी नोंद शोभते, पण त्या हितचिंतकाचा पैसा कोठून आला आणि कोठे गेला, हे अंधारात राहता कामा नये. कामगाराची मजुरी बुडवून केलेले गुप्तदान देवाला गुप्त नसते.

या सर्व गोष्टींचा मेळ कसा घालावा, हे मला एका गृहस्थाश्रमी माणसाने स्थापलेल्या संस्थेत पाहायला मिळते. फ्रेडरिक ओझानाम हा पॅरिसमधील विद्यार्थी. २३ एप्रिल १८३३ रोजी, आपल्या विसाव्या वाढदिवशी, तो काही मित्रांसह एकत्र बसला आणि गरिबांच्या घरी जाऊन त्यांना भेटायचे, असे त्यांनी ठरवले. तीच पुढे संत व्हिन्सेंट डी पॉल संस्था म्हणून जगभर पसरली. ओझानाम पुढे सोरबोन विद्यापीठात प्राध्यापक झाला, संसार केला आणि १८५३ साली वयाच्या चाळिसाव्या वर्षी वारला. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला पॅरिसमध्येच धन्यवादित घोषित केले.

आपल्याकडील अनेक धर्मग्रामांत या संस्थेच्या शाखा आहेत. त्यांच्या सभेची एक जुनी रीत आहे. सभेत एक पिशवी फिरवली जाते. प्रत्येक सदस्य आपला हात तिच्यात घालतो. कोणी किती टाकले हे शेजाऱ्यालाही कळत नाही; ज्याच्याजवळ त्या आठवड्यात काहीच नाही, तोही रिकामा हात घालून तितक्याच सन्मानाने बाहेर काढू शकतो. नंतर जमलेली रक्कम मोजली जाते, वहीत लिहिली जाते. आणि सदस्य गरिबांच्या घरी जातात ते मात्र उघड्या चेहऱ्याने, नावानिशी, शेजारी बसायला. पैसा निनावी, मैत्री नावाची आणि हिशेब उघड! गेली कित्येक वर्षे मी या सभांना बसत आलो आहे. त्या साध्या पिशवीइतके चांगले प्रवचन मी या विषयावर ऐकलेले नाही.

आपल्याच काळातील एका श्रीमंत माणसाचेही उदाहरण आहे. चक फीनी हा अमेरिकेतील न्यू जर्सीत आयरिश वंशाच्या कॅथोलिक घरात जन्मलेला. विमानतळांवरील करमुक्त दुकानांच्या व्यवसायात त्याने अमाप पैसा मिळवला आणि १९८० च्या दशकात आपला त्यातील हिस्सा गुपचूप एका धर्मादाय न्यासाच्या नावे केला. विद्यापीठांना, इस्पितळांना मदत मिळे, पण दात्याचे नाव उघड करायचे नाही, अशी अट असे. १९९७ साली व्यवसायाच्या विक्रीमुळे गुपित फुटण्याची वेळ आली, तेव्हा जग चकित झाले. पुढे मात्र त्याने आपले नाव वापरू दिले, ते इतर धनिकांनी हयातीतच दान करावे, हे सांगण्यासाठी. आठ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम वाटून २०२० साली त्याने न्यास बंद केला. स्वतः भाड्याच्या घरात राहिला आणि २०२३ साली वारला. नाव लपवणे त्याला जमले होतेच. नाव लपवण्याचा हट्ट सोडणेही जमले. मला हे दुसरे अधिक कठीण वाटते.

कारण गुप्ततेलाही गर्व चिकटतो. 'मी कोणाला सांगत नाही' हे स्वतःला सांगत राहणे हाही एक प्रकारचा कर्णाच. फक्त तो आतल्या आत वाजतो. म्हणूनच प्रभू केवळ लोकांपासून लपवा म्हणून थांबत नाही. उजव्या हाताची गोष्ट डाव्यालाही कळू देऊ नका, म्हणतो. डावा हात काही शेजाऱ्याचा नव्हे, तो आपलाच. म्हणजे आपले सत्कृत्य आपल्यापासूनही लपले पाहिजे. मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातील अंतिम न्यायाच्या दृश्यात नीतिमान लोक गोंधळून विचारतात, की प्रभो, आम्ही तुला कधी अन्न दिले? त्यांना आठवतच नाही! तेथे देणाराही अनभिज्ञ आणि घेणाऱ्याच्या रूपातील ख्रिस्तही अनोळखी. दोन्ही नावे झाकलेली असतात, आणि ती पहिल्यांदा उघडतो तो पिता. त्याचा सूर्य रोज सज्जनांवर आणि दुर्जनांवर उगवतो, त्यावर कोणाचेही नाव लिहिलेले नसते.

अशी विसरती सेवा शिकायला फार दूर जायला नको. पहाटे उठून सर्वांचे डबे भरणाऱ्या आईने त्या डब्यांची यादी कधी ठेवली आहे का? शनिवारी संध्याकाळी ख्रिस्तमंदिर झाडून, फुलदाण्यांतील पाणी बदलून गुपचूप निघून जाणाऱ्या भगिनी आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. नाझरेथच्या घरात प्रभूने आयुष्याची तीसेक वर्षे अशाच न दिसणाऱ्या कामात घालवली, आणि ज्या संत योसेफाने त्याला वाढवले त्याचा एकही शब्द शुभवर्तमानात नोंदलेला नाही.

येत्या प्रायश्चित्तकाळात एक गोष्ट करून पाहू या. चाळीस दिवसांत एक तरी सत्कृत्य असे करू, की ज्याला मदत झाली त्यालाही देणारा कळू नये. आणि झाल्यावर ते आपणही विसरून जाऊ. आणि ज्यांना अशी निनावी मदत मिळेल त्यांनी माझ्या आईचा मार्ग धरावा. दाता शोधत बसू नये. केळीच्या दोन फण्या टोपलीत घालून ज्या दाराशी अबोला आहे त्या दाराकडे निघावे.

वडिलांच्या इस्पितळाची ती पावती माझ्या प्रार्थनापुस्तकात आजही आहे. कागद पिवळा पडला, अक्षरे फिकट झाली. देणाऱ्याच्या नावाची जागा अजून कोरी आहे. मिस्सेत जिवंतांसाठी आणि मृतांसाठी प्रार्थना करताना तेथे मी रोज एक नाव घेतो: ज्याचे नाव, प्रभो, केवळ तुला ठाऊक आहे.